जातं ओढायला दुसरा हात

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. संध्याकाळी कोथरूडच्या फ्लॅटवर एकटीने हरिपाठ म्हणताना रडू येतं, आणि ते विठ्ठलासाठी की घरात कुणी नाही म्हणून, हे कळत नाही, असं लिहिलंस. चाळिशीला टेकल्यावरही सोबत हवीशी वाटते याची लाज वाटते, असंही. ती लाज आधी सोड.

जनाबाई आठव. नामदेवांच्या घरची दासी. आईबाप नाहीत, संसार नाही. अभंगांतला तिचा विठोबा काय करतो बघ. तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचू लागतो, तिच्या केसांतल्या उवा काढतो. पाठीशी बसून कुणीतरी केस विंचरावेत, ओझ्याला हात लावावा, ही भूक तिने झाकली नाही, ती घेऊनच देवापाशी गेली. आणि देवाने तिला परत पाठवलं नाही! मग तुझं रडू कोणत्या खात्यात मांडायचं याचा हिशेब तू का करत बसतेस?

आता एक गोष्ट कान धरून सांगते. "देवानेच तुला स्वतःसाठी राखून ठेवलंय" असं म्हणणारे भेटतील, प्रेमानेच म्हणतील. ऐक आणि सोडून दे. लग्न न होण्याला शंभर कारणं असतात. त्यावर देवाचं नाव चिकटवलं की माणूस आपलं दुःख बोलायचाच थांबतो. मीही एकटीच राहिले, म्हणून सांगते. तापात पडले तेव्हा विष्णुसहस्रनामाने धीर दिला, पण पेज शेजारच्या वहिनींनी आणली. स्थळ बघावंसं वाटलं तर खुशाल बघ, त्याने भक्ती उणी होत नाही.

ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, आणि तू दरवर्षी दर्शन घेऊन घरी परततेस. या खेपेला परतू नकोस. माऊलींच्या सोहळ्यातल्या एखाद्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखाण्याची वर्गणी, भरून नाव घाल, निदान दिवे घाट चढून सासवडपर्यंत चाल. तिथे अनोळखी म्हातारी माऊली म्हणून तुझ्या पाया पडते, रात्री तंबूत तुझ्याच पांघरुणात पाय घुसवते, घोरते, पहाटे टँकरपाशी तुझी बादली पुढे सरकवते. त्रास होईल. होऊ दे. एकट्याने राहून आपण आपल्याच सवयींचे फार लाड करतो, ते मोडायला वारीसारखं दुसरं काही नाही.

आषाढ लांब आहे. तोवर निदान गुरुवारचा हरिपाठ घरी म्हणू नकोस, जवळच्या देवळातल्या भजनी मंडळात जाऊन म्हण. टाळ धरता येत नसला तरी हातात देतात.

येत्या वद्य एकादशीला मी आळंदीला जाणार आहे. सकाळी सहाला मनपाच्या बसथांब्यावर असेन. येणार असशील तर आदल्या रात्री कळव, म्हणजे साबुदाणा तुझ्यापुरताही भिजत घालते.

तुझी,
मावशी