'तांत्रिक' हा शब्द मागावरचा आहे

आयटीआयत शिकणाऱ्या मुलाने विचारलंय: तांत्रिक म्हणजे मंत्रतंत्रवाला, मग 'तांत्रिक अडचण' चूक आणि 'तंत्रज्ञानिक अडचण' बरोबर का?

उलट आहे. 'तंत्रज्ञानिक' ही घडणच अशुद्ध. 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो: समाज-सामाजिक, यंत्र-यांत्रिक. तंत्रज्ञानाबद्दल बोलायचं तर सरळ 'तंत्रज्ञानाचा' म्हणावं. 'टेक्निकल'साठी 'तांत्रिक' पक्का आहे. संताप येतो तो निराळ्याच गोष्टीचा. पंपाचं बेअरिंग गेलं, नळाला पाणी नाही, की सूचना लागते: 'तांत्रिक अडचणीमुळे'. अहो, तो यांत्रिक बिघाड! भाग झिजला, तुटला तर यांत्रिक. करण्याची रीत चुकली तर तांत्रिक.

आता मूळ बघा. 'तन्' म्हणजे ताणणे, त्याला साधन दाखवणारा 'त्र', जसा वस्त्र, शस्त्र, पात्र यांत. तंत्र म्हणजे माग, मागावरचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'तन्त्रादचिरापहृते' (5.2.70): मागावरून नुकतंच उतरवलेलं कापड ते 'तन्त्रक', आपलं कोरं कापड! ग्रंथ, साधना, मंत्रतंत्र हे सगळे अर्थ नंतरचे. 'तनोति' आणि 'त्रायते' जोडून 'विस्तारतं आणि तारतं ते तंत्र' अशी फोड अजून सांगितली जाते. ती भक्तीची आहे, व्याकरणाची नाही. मग पात्रातही 'त्रायते' शोधायचं का?

इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला. तिथल्या कुठल्याही कारखान्यात हा शब्द अजून जिवंत दिसतो. बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, ताण जास्त पडला की उभे धागे तुटतात. सैल राहिला की धाग्यांमधली वाट पुरती उघडत नाही आणि आडवा धागा नेणारा धोटा अडकतो. हा ताण बेताचा ठेवणं म्हणजे अक्षरशः तांत्रिक काम. ताण, ताणा, तंतू, गवयाची तान, सगळी 'तन्'चीच लेकरं.

'स्वतंत्र'सुद्धा मागावरूनच उतरला, असं माझं ठाम मत आहे. कोशकार तिथे 'तंत्र म्हणजे सत्ता' एवढं लिहून मोकळे होतात. पण सत्ता कशावरची? इचलकरंजीचा खर्चीवाला बघा. माग त्याचा, जागा त्याची. बीम मात्र व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, याच्या हाती मजुरी. घरचा माग असूनही तो दुसऱ्याच्या तंत्राने चालतो, कारण ताणा परका आहे.