चाकं की पट्टे?

"जोडायला पहिलं मॉडेल घ्यायचंय, चाकांची की लोखंडी पट्ट्यांची, कुठली गाडी भारी?" असं विचारतोस, पण "भारी कुठली" हा प्रश्नच आधी सोड रे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाला चाकांचा जेसीबी आपला आपण चालत येतो, पट्ट्यांवर चालणारं खोदायचं मशीन, म्हणजे पोकलेन, मात्र ट्रेलरवर बसून. पट्ट्यांवर लांबचा पल्ला मारला की डिझेल भसाभस जळतं, पट्ट्यांच्या पिना झिजतात, डांबर सोलून निघतं ते वेगळंच. पण तीच पोकलेन खाडीच्या चिखलात निवांत उभी राहते, कारण वजन लांबरुंद पट्ट्यांवर पसरतं. जेसीबी तिथे गेला की रुतलाच म्हणून समज.

जवानांना नेणाऱ्या चिलखती गाड्यांचंही तेच. आपली बीएमपी-२ पट्ट्यांची: साधारण १४ टन, चालवणारे ३, मागे ७ जवान, शिवाय पाण्यात तरंगते. अमेरिकेची स्ट्रायकर ८ चाकांची, मागे ९ जवान, रस्त्यावर ताशी १०० किमीच्या आसपास. तिचं एखादं चाक गेलं तरी लंगडत निघते. पट्टा तुटलेली बीएमपी जागीच अडकते. तरी चिलखत जाड हवं असेल, तर माझं मत पट्ट्यांनाच.

जोडायचं मॉडेल मात्र पहिलं चाकांच्या गाडीचंच घे. पट्ट्याच्या कड्या एकेक जोडण्यात माझे तीन रविवार गेलेत, वर बायकोची बोलणी.