वाचकांचे प्रश्न : पाण्यात कालवायचे रंग

प्रश्न : मुलगी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करते आहे. पोस्टर कलरवर दुसरा हात दिला की खालचा रंग उचलला जातो आणि चट्टे पडतात. जलरंगात असं होत नाही. मग तिला ग्वाश (दाट, अपारदर्शक जलरंग) घेऊन द्यावेत का? (एक पालक, सांगली)

उत्तर : होतं जलरंगातही, फक्त कमी दिसतं. रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तो डिंक. जलरंगात आणि ग्वाशमध्ये तो गम अरेबिक असतो, म्हणजे बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंक. पोस्टर कलरमध्ये तोच किंवा स्वस्तातला डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेला डिंक. हे सगळे वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटतात. जलरंगाचा थर इतका पातळ असतो की रंग कागदाच्या तंतूंत जाऊन बसतो. ग्वाश आणि पोस्टरचा थर कागदाच्या वर राहतो, त्यावर ओला ब्रश घासला की खालचा रंग निघणारच. त्यामुळे या त्रासासाठी महागडे ग्वाश घेऊ नका.

बदलायचा आहे तो हात. पहिला थर ताकाइतका पातळ द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे. दुसरा थर साईसारखा दाट हवा. चपटा ब्रश, हलका हात, एका दिशेने एकच फटकारा. अर्धवट ओल्या जागी ‘जरा नीट करू’ म्हणून ब्रश परत फिरवला, की तिथेच चट्टा उठतो. पण थर फार जाडही नको, वाळल्यावर भेगा पडून पोपडे सुटतात.

सपाट भाग भरायचा असेल तर लागणारा रंग एकदमच कालवून ठेवा, थोडा जास्तच. या रंगांच्या फिक्या छटा वाळल्यावर बहुधा किंचित गडद होतात आणि गडद छटा फिकटतात, त्यामुळे अर्ध्यात संपलेला रंग डोळ्यांच्या अंदाजाने पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी ओढून वाळवून बघावी. हिरवा करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घाला. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी बाटली संपते.

ग्वाशमध्ये पूड भरपूर असते, पोस्टर कलरमध्ये बऱ्याचदा खडूसारखी पांढरी भर असते. म्हणून पोस्टरचे गडद मिश्रण पिठूळ दिसतं. काही झगझगीत गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग उन्हात लवकर उडतात. सरावासाठी आणि परीक्षेसाठी पोस्टर पुरे. चित्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तेव्हा मात्र ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. ‘पीबी २९’ म्हणजे अल्ट्रामरीन, टिकाऊ. ‘पीआर ८३’ म्हणजे अलिझरीन क्रिमसन. दिसतो सुंदर, पण उजेडात फिकटतो. त्याऐवजी ‘पीव्ही १९’ घ्या.

प्रश्न : ॲक्रिलिक वाळल्यावर गडद का होतो? आणि कडक झालेला ब्रश सुटेल का?

उत्तर : ॲक्रिलिकमध्ये डिंकाऐवजी पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण असतात. ओलं असताना हे मिश्रण दुधाळ असतं, म्हणून रंग फिका भासतो. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पारदर्शक पापुद्रा होतो आणि खरा रंग वर येतो. हा पापुद्रा पाण्याने पुन्हा सुटत नाही. म्हणूनच ॲक्रिलिकवर हवे तितके थर देता येतात, आणि म्हणूनच ब्रश वाया जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फक्त केस बुडवून १५-२० मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा. मुळाशी रंग गेला असेल तर आशा कमी. काम चालू असताना ब्रश पाण्यात राहू द्या, पण टोकावर उभा नको. जलरंगाचे चांगले, नैसर्गिक केसांचे ब्रश ॲक्रिलिकला लावूच नका.

प्रश्न : मातीच्या माठावर वारली काढायची आहे. पांढरा रंग कोणता?

उत्तर : भिंतीवर मूळ पद्धत गेरूवर तांदळाच्या पिठाची, त्यात डिंक. माठ हाताळला जातो, ओला हात लागतो, त्यामुळे पोस्टरचा पांढरा पुसला जाईल. ॲक्रिलिक घ्या. माठ कोरड्या कापडाने पुसा, गेरूच्या छटेचा ॲक्रिलिक निम्म्याला निम्मं पाणी घालून एक हात द्या, म्हणजे तो मातीत मुरेल. वाळल्यावर न पातळ केलेला दुसरा. रेघांसाठी पांढऱ्याच्या दोन भागांना साधारण एक भाग पाणी. दाट रंगाने रेघ अडखळते. माठात पाणी भरणार असाल तर मात्र रंगवू नका. पाणी आतून झिरपतं आणि रंगाला मागून ढकलतं, थोड्या दिवसांत फुगे येऊन साल निघते.

प्रश्न : पावसाळ्यात त्याच जुन्या कागदावर जलरंगाचे काळपट ठिपके पडतात. रंग खराब झाला का?

उत्तर : रंग नाही, कागद. कागदाला दिलेली सरस दमट हवेत जागोजागी निकामी होते आणि तिथे रंग टिपकागदासारखा शोषला जातो. कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. तो फुगीर उभा राहिला तर कागद चांगला. लगेच मुरला तर त्यावर पेन्सिल किंवा ॲक्रिलिक करा. नवे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून लांब ठेवा.