मोठ्या आजारातून उठल्यावर अमूर्त चित्रं काढून खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय, फरक पडतो की नुसता वेळ जातो, आणि चित्रकला शिकलेली नसेल तर जमेल का. माझ्यापुरतं सांगतो. मी चित्रकार नव्हे, बोर्ड पेंटर. बेळगावात शहापूरला तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही. फ्लेक्स आल्यावर काम आटलं, पण हात चालू होता.

मग जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम झाला. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला रुग्ण वाढले म्हणून हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, लुळेपणा बहुतेक वेळा पायांपासून वर चढतो. मी १९ दिवस आयसीयूत होतो. ब्रश धरायला पाच महिने लागले, आणि धरला तर 'श्री'ची वेलांटी डळमळायची.

त्याहून छळत होतं ते वेगळंच. आयसीयूतलं सलग काही आठवेना. हिरवा पडदा, छतावरची ट्यूब, नळी साफ करतानाचा आवाज, बस. भेटायला येणारे विचारायचे, काय काय झालं? सांगायला गोष्टच नव्हती. मी खाट, सलाईन, नर्स असं चित्र काढून बघितलं. कॅलेंडरवरचं वाटलं. खाट मला दिसली कुठे होती, मी तिच्यावर पडून होतो.

परसात एक जुना पत्र्याचा बोर्ड होता. मनगटाला व्यायाम म्हणून पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. वरचा पिवळा गेला, खाली निळा, त्यात कन्नड अक्षराचा गोल. त्याच्याखाली 'स्टोअर्स'ची एक मात्रा, मग रेड ऑक्साइडचं तांबडं अस्तर, मग पत्रा. (पाट्यांवरून इकडे किती रामायण झालं ते सांगायला नको. या पत्र्यावर मात्र दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगावर निवांत पडल्या होत्या.) तिथेच थांबलो. हिरवा ऑइल पेंट टर्पेंटाइनने पातळ केला, वरून सोडला, ओघळू दिला, अर्धा फडक्याने टिपला. आई म्हणाली, "काय करालास रे? चांगला पत्रा नासवालास." पण मला आठवत होतं ते तेवढंच आणि तसंच होतं, तुकड्यातुकड्यानं.

फरक म्हणजे बरं होणं, असं धरू नका. पॉल क्ले या चित्रकाराला १९३५ मध्ये त्वचा आवळत नेणारा आजार जडला. त्याची बारीक रेघ पुढे जाड, काळी झाली. १९३९ या एका वर्षात त्याने बाराशेवर कामं केली आणि १९४० मध्ये तो गेला. फ्रेंच चित्रकार मातिसला १९४१ च्या पोटाच्या ऑपरेशननंतर उभं राहून रंगवणं अवघड झालं, तसा तो रंगवलेले कागद कात्रीने कापायला लागला. दोघांनीही जो हात उरला होता त्यालाच काम दिलं.

शिकलेलं नसलं तर उलट सोपं, सुंदर काढायची सवय आड येत नाही. चित्राला आधीच 'वेदना', 'आशा' अशी नावं देऊ नका, रंग त्या नावाच्या मागे धावतो. फुप्फुसाचा त्रास असेल तर टर्पेंटाइन नको, पोस्टर कलर घ्या. जुना पत्रा कोरडा घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं. आणि फिजिओचे व्यायाम यापायी चुकवायचे नाहीत, मी चुकवले आणि बोलणी खाल्ली.

वेलांटी अजून डळमळते. पाटीचं काम आलं तर पोराला देतो. घासायचे पत्रे मात्र भंगारवाल्याकडून मीच निवडून आणतो, किलोवर.