नागपुरात लेआउटच्या बागेत सगळ्यांसाठी वायफाय लावायचं आहे. महापालिकेची परवानगी कशी मिळते, किती दिवस लागतात?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जुनी जखम ठसठसली. भाऊ, वायफायची परवानगी महापालिका देतच नाही. अर्जात तो शब्द लिहिलात की तुमची फाइल बसलीच म्हणून समजा. माझी बसली होती.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. नव्वदच्या दशकात पानठेल्यावाले, किराणावाले, अपंग, विधवा अशा कितीतरी लोकांचे एसटीडी-पीसीओचे, म्हणजे सार्वजनिक टेलिफोन बूथचे, अर्ज माझ्या टेबलावरून गेले. त्यामुळे कागद कसा लिहायचा ते मला कळतं, असा माझा समज होता. आमच्या साळेबुवांचा समज वेगळा. ते ठेकेदार आहेत. त्यांचं म्हणणं, "भाऊजी, अर्ज काहून करून राहिले? लावून टाका. कोन विचारते? विचारलंच तर पाहू." गेली पंचवीस वर्षं दर दिवाळीला आमचा हाच वाद होतो, विषय तेवढा बदलतो.

2022 च्या गणपतीत साळेबुवांनी ते करूनच दाखवलं. मांडवाच्या रोषणाईसाठी वायरमन आलाच होता. त्याच्याकडून बागेतल्या दिव्याच्या खांबावर एक पेटी ठोकून घेतली, त्यात राउटर आणि वीज त्याच खांबातून. दहा दिवस पोट्टे खूश. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर पेटी नाही, वायरची दोन टोकं तेवढी हवेत लोंबत होती. चौकशीला कोणाला जावं लागलं? मला. कारण मंडळाच्या लेटरहेडवर सचिव म्हणून माझं नाव. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "बागेच्या मीटरवरून वीज घेतली ना तुम्ही? वीज कायद्यात याला काय म्हणतात माहीत आहे?" माहीत होतं. 2003 च्या कायद्याचं कलम 126, अनधिकृत वापर. आणि कोणी खारच खाल्ला तर 135, म्हणजे चोरी. त्या वयात, त्या खुर्चीसमोर, कान लाल झाले हो.

साळेबुवा त्या दिवशी अमरावतीला साइटवर होते. फोनवर म्हणाले, "नगरसेवकाला सांगतो." त्या मार्चपासून मनपावर प्रशासक होता. नगरसेवक होताच कुठे?

मग मी माझ्या पद्धतीने अर्ज केला. विषय : उद्यानात मोफत सार्वजनिक वायफाय सुविधा सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत. दोन पानं, आत विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, डिजिटल वगैरे सगळं. अडीच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. आवक-जावकच्या टेबलावर त्या पत्राची सही देताना तिथली बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "काका, तुम्हाला खांब पाहिजे की नेट पाहिजे? नेटचं आम्हाला काय माहीत!" ऑफिसचं नाव घेत नाही, मला अजून तिथे कामं पडतात. पण त्या बाईंनी मला एका वाक्यात जे शिकवलं ते खात्यातल्या सगळ्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरा अर्ज मी अर्ध्या पानाचा केला. विषय : उद्यानातील विद्यमान खांबावर आठ बाय सहा इंचाची पेटी स्वखर्चाने बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली तीनच गोष्टी. खड्डा खोदणार नाही, झाडाला हात लावणार नाही, उद्यानाची वीज घेणार नाही.

खरी मेख त्या तिसऱ्या गोष्टीत आहे. राउटर साधारण बारा वॅट खातो, म्हणजे महिन्याला जेमतेम नऊ युनिट. पण त्या नऊ युनिटांसाठी विद्युत विभागाचा वेगळा अभिप्राय लागतो, बिल कोण भरणार यावर टिपणी लागते, आणि फाइल उद्यान विभागातून निघते ती परत येत नाही. आम्ही काय केलं, बागेला लागून मंदिर आहे, त्यांच्या मीटरवरून वीज घेतली, ट्रस्टचं पत्र जोडलं. एकाच नेटवर्क केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही जातात, शंभर मीटरपर्यंत काही अडचण नाही, आमचं अंतर चाळीसच्या आत. बागेची वीज शून्य. मग अभिप्राय कशाचा मागणार?

हमीपत्र मात्र द्यावं लागलं. तेव्हा शंभराच्या बाँडवर झालं, आता पाचशेचा घ्यावा लागेल. सांगाल तेव्हा पेटी काढून नेऊ, भरपाई मागणार नाही, जागेवर हक्क सांगणार नाही. हे स्वतःहून जोडा, मागायची वाट बघू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आधी बाग कोणाची ते शोधा. नागपुरात काही बागा मनपाच्या, काही नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, महाराजबाग कृषी विद्यापीठाची, आणि सेमिनरी हिल्सकडे सरकलात की वन विभाग. फाटकावरची पाटी बघू नका, तिथे वॉकिंग ट्रॅक ज्यांच्या निधीतून झाला त्यांचं नाव असतं. बागेतल्या दिव्यांचं महावितरणचं बिल कोणाच्या नावाने येतं ते बघा, ते खोटं बोलत नाही. मनपाची निघाली तर अर्ज झोनच्या सहायक आयुक्तांकडे आणि एक प्रत उद्यान विभागाला. दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही. महिना-दोन महिने हललं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार टाका, पण प्रश्न एकच विचारा की माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे. भांडू नका.

नेटची बाजू दिल्लीची आहे आणि ती उलट सोपी आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राची सार्वजनिक वायफायची योजना, पीएम-वाणी, मंजूर झाली. तिच्यात तुम्ही पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस होता, आमचा जुना पीसीओवालाच. परवाना नाही, नोंदणी नाही, फी नाही. नोंदणी करायची ती तुमच्या वरच्या अ‍ॅग्रीगेटर कंपनीने, जी अनेक पीडीओंना एकत्र सांभाळते. घरचं कनेक्शन मात्र बागेत सोडू नका, तुमच्याच करारात ते बसत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जून 2025 मध्ये पीडीओंसाठी दर बांधून दिले आहेत, 200 एमबीपीएसपर्यंत घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि ओटीपीशिवाय कोणालाही आत घेऊ नका. 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ई-मेल नवी मुंबईतल्या कोणाच्या तरी उघड्या वायफायवरून गेला होता, त्या घराला काय भोगावं लागलं ते आठवा. साळेबुवांच्या गणपतीतल्या राउटरला पासवर्ड काय होता माहीत आहे? एक ते आठ आकडे.

आमचं पत्र पुढच्या मे महिन्यात हातात पडलं आणि पेटी लागली ती ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. रोज दुपारी एकला नेट बंद, पाचला आपोआप सुरू. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर पत्रा हाताला चटका देत होता, अडॅप्टरचा चिकटपट्टीचा गोंद वितळून खाली ओघळलेला आणि त्यात एक पाल अडकून वाळलेली. पेटी पश्चिमेकडून उचलून खांबाच्या उत्तरेला, कडुनिंबाच्या सावलीत घेतली, खालून छिद्रं पाडली. तेव्हापासून ठीक चाललंय. तुम्ही पत्र्याची घेऊच नका, प्लास्टिकची घ्या.

हो, हे सगळं जुन्या खांबाचं सांगितलं. नवा खांब किंवा रस्ता खोदून केबल न्यायची असेल तर राइट ऑफ वेचे, म्हणजे केबल-खांबांसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे, नियम लागतात, ते 2025 च्या जानेवारीपासून नवे आहेत आणि तो अर्ज परवानाधारक कंपनीच करते, लेआउटच्या मंडळाला तिथे उभं करत नाहीत. आणि मोबाइल डेटा एवढा स्वस्त असताना बागेत वायफाय लागतं का, हे घरी एकदा विचारा. आमच्याकडे एमपीएससीची पोरं शेजारच्या अभ्यासिकेत बसतात, ती संध्याकाळी लेक्चर उतरवून घ्यायला येतात. ती नसती तर मी या फंदात पडलो नसतो.

किती दिवस? आम्हाला पहिल्या अर्जापासून पत्रापर्यंत साडेसात महिने लागले. त्यातले अडीच त्या एका शब्दापायी गेले.

उद्घाटनाच्या फ्लेक्सवर "संकल्पना" म्हणून साळेबुवांचा फोटो लागला. माझं नाव खाली, समस्त कार्यकारिणीत. या रविवारी ते जेवायला येणार आहेत, सावजीचा बेत आहे. परवानगीच्या पत्राची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आहे. ताटाशेजारी ठेवणार आहे.