सेमिनरीचा तास आणि मागे उरलेली मुलं

«ताई, दीड वर्षापूर्वी आम्ही न्यू जर्सीहून युटात, लीहायला आलो. ह्यांची नोकरी इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत. लेक आठवीत आहे. आमच्या गल्लीत आमचं एकच घर नॉन-मेंबर, म्हणजे इथल्या लॅटर-डे सेंट्स (बाहेर ज्यांना मॉर्मन म्हणतात) चर्चमध्ये नसलेलं. माणसं वाईट नाहीत, पहिल्याच आठवड्यात चार घरांतून कुकीजच्या प्लेटी आल्या. पण बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी लेक एकटी असते. मैत्रिणींना विचारलं की चर्चचं काहीतरी असतंच. आता हायस्कूल ठरवायचंय. हे म्हणतात, घराजवळची सरकारी शाळा उत्तम आहे. मला वाटतं, फी भरू पण सॉल्ट लेककडे खासगी शाळेत घालू, तिथे तरी ती वेगळी पडणार नाही. परवा शेजारीण आली, मी सवयीने चहा विचारला आणि तीच ओशाळली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करू?»

तुमच्या पत्रातलं बुधवार-रविवारचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरं दुखणं तिथे आहे, शाळेचा प्रश्न त्याच्या मागून आलाय. म्हणून आधी बुधवारचं बोलू.

तुमच्या गल्लीत ज्याला वॉर्ड म्हणतात, तो आपल्या नगरसेवकाचा वॉर्ड नव्हे. चर्चने नकाशावर वस्त्या आखून घेतल्यात आणि एका वस्तीतली सगळी कुटुंबं रविवारी एकाच सभेला जातात. आपण सारसबागेला जायचं की दगडूशेठला, हे आपल्या मनावर असतं. त्यांचा वॉर्ड पत्त्यावरून ठरतो. वॉर्डाचा प्रमुख, म्हणजे बिशपही शेजारपाजारचाच, बिनपगारी. आठवडाभर तो कुणाचे दात काढत असेल नाहीतर विमा विकत असेल. परिणाम असा की तुमच्या लेकीच्या मैत्रिणी शाळेत, रविवारी आणि मधल्या एका संध्याकाळी पुन्हा एकमेकींनाच भेटतात. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. हे वाळीत टाकणं नाही हो. त्यांचा आठवडा आधीच भरलेला असतो आणि त्यात रिकामी खुर्ची नसते, इतकंच. पण तेरा वर्षांच्या मुलीला दोन्ही सारखंच लागतं, हेही मला ठाऊक आहे. माझी दोन्ही मुलं सँडीच्या सरकारी शाळांत शिकली आणि थोरल्याची सातवी-आठवी आम्ही अशीच काढली.

हायस्कूलला एक गोष्ट आपोआप सुधारते. शाळा मोठी होते, अनेक वॉर्डांतली मुलं एकत्र येतात आणि गल्लीची पकड सैल होते. त्याच वेळी एक नवीन गोष्ट सुरू होते, ती म्हणजे सेमिनरी.

युटात जवळजवळ प्रत्येक सरकारी हायस्कूलला लागून चर्चची एक बैठी इमारत असते. १९१२ साली सॉल्ट लेकच्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी ही पद्धत सुरू झाली. नववी ते बारावीची मेंबर मुलं दिवसातला एक तास ‘रिलीज्ड टाइम’, म्हणजे शाळेतून बाहेर जायची मुभा घेऊन तिथे धर्मग्रंथ शिकायला जातात. जागा चर्चची, शिक्षक चर्चचे, पगार चर्चचा, आणि शाळेच्या पदवीसाठी त्याचं क्रेडिट मिळत नाही. न्यायालयांनी ही मर्यादा घालून दिली आहे, त्यामुळे शाळेच्या आत कुणी धर्म शिकवू लागलं तर तुम्ही बेलाशक बोलू शकता. मला तशी वेळ आली नाही.

आता शाळा बघायला जाल तेव्हा एक करा. प्रिन्सिपॉलचं भाषण आणि ट्रॉफ्यांचं कपाट झालं की तास बदलायच्या वेळेला पार्किंगपाशी जाऊन उभ्या राहा. घंटा होते आणि पाठीवर दप्तरं घेतलेला एक लोंढा गाड्यांमधून वाट काढत त्या बैठ्या इमारतीकडे जातो. थोरल्याच्या वेळी मी तो लोंढाच मोजत बसले होते. चूक केली. मोजायचं ते आत उरलेल्यांना. त्या तासाला आत काय चालू असतं? ऑर्केस्ट्राची तालीम आहे, रोबोटिक्स आहे, एपीचा, म्हणजे कॉलेजच्या तोडीचा एखादा चांगला वर्ग आहे, की मुलं वाचनालयात फोन चाळत बसलीत? तुमच्या लेकीचं हायस्कूल कसं जाईल ते बरंचसं या उत्तरावर आहे.

यात एक फायदाही दडलेला आहे, तो कुणी सांगत नाही. युटात हायस्कूल पूर्ण करायला किमान २४ क्रेडिट लागतात, वर्षभराच्या एका तासाला एक. आठ तासांचं वेळापत्रक असलेल्या शाळेत चार वर्षांत विषयांच्या ३२ जागा मिळतात. चारही वर्षं सेमिनरी घेणाऱ्या मुलाच्या त्यातल्या ४ जातात. तुमच्या लेकीच्या त्या चार जागा मोकळ्या. व्हायोलिन सोडायचं की केमिस्ट्री, हा प्रश्न मेंबरांच्या घरात पडतो, तुमच्याकडे नाही. काउन्सिलरला हे थेट विचारा: ‘सेमिनरी न घेणाऱ्या मुलीला आठवा तास कुठला देता?’ उत्तर देताना तो गडबडला तर समजून जा.

आता तुमच्या खासगी शाळेबद्दल. ड्रेपरचं हुआन डिएगो किंवा सॉल्ट लेकचं जज मेमोरियल घ्या, दोन्ही कॅथलिक शाळा. एका चर्चला भिऊन तुम्ही दुसऱ्या चर्चच्याच शाळेत चाललात, हे लक्षात आलंय ना? मला त्यात काही वावगं वाटत नाही. पुण्यात आम्ही निम्म्याजणी कॉन्व्हेंटात सकाळी येशूची प्रार्थना म्हणून संध्याकाळी घरी शुभंकरोती म्हणत होतो. फक्त ‘तिथे वेगळं वाटणार नाही’ हे गृहीत धरू नका. शिवाय लीहायहून रोज पॉइंट ऑफ द माउंटनचा डोंगर ओलांडायचा आहे. जानेवारीत बर्फ आणि वारा असताना आय-१५ हायवेवर अडकून बघा एकदा, मग फीचा आकडा किरकोळ वाटेल.

फी न भरता पलीकडे जायचं असेल तर ओपन एनरोलमेंट आहे. जागा शिल्लक असेल तर हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेतही घेतात. मिडव्हेलच्या हिलक्रेस्ट हायला आणि सॉल्ट लेकच्या वेस्ट हायला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, आणि दोन्हीकडे जगभरातली मुलं दिसतील. मात्र बस मिळत नाही, ने-आण तुमची. अर्जाची मुदत हिवाळ्यातच संपते, तेव्हा दिवाळीचा फराळ संपायच्या आत डिस्ट्रिक्टच्या साइटवर तारीख बघून ठेवा. आणखी एक: तुमच्या अल्पाइन शाळा-डिस्ट्रिक्टचे तीन तुकडे करायला मतदारांनी २०२४ च्या नोव्हेंबरात कौल दिलाय आणि नवे डिस्ट्रिक्ट २०२७ पासून कारभार हाती घेणार आहेत. लेकीची मधली वर्षं त्यातच येतील, तेव्हा आज घेतलेला हद्दीबाहेरचा प्रवेश पुढे तसाच राहील का, हे लेखी विचारून घ्या. ती शाळेकडून खेळणार असेल तर सुरुवातीलाच पक्कं करा. मध्येच शाळा बदलली की खेळाचे बदलीचे नियम आडवे येतात.

माझं मत विचाराल तर यजमानांचं बरोबर आहे, पण कारण चुकलंय. रँकिंगने बुधवार भरत नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला जिथे तिची वाट बघणारी सहा-सात मुलं असतील, ती शाळा घ्या. डिबेट, मार्चिंग बँड, नाटक, क्रॉस कंट्री, काहीही चालेल, पण रोज घाम गाळायला लावणारं हवं. माझा थोरला बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवायचा, वाईट वाजवायचा. पण ऑगस्टच्या उन्हात पार्किंगमध्ये तीन आठवडे एकत्र कवायत केल्यावर कोण कुठल्या वॉर्डातला, हे कुणाच्या लक्षातही राहत नव्हतं.

घरात मात्र दोन-तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा. मैत्रीण सेमिनरीला किंवा चर्चच्या बुधवारच्या मुलांच्या कार्यक्रमाला ‘चल ना’ म्हणेल. जाऊ द्या एकदा, लग्नाला गेल्यासारखं जायचं आणि घरी यायचं. त्यानंतर पांढरा शर्ट, काळी नावपट्टी लावलेले दोन मिशनरी दारात आले तर ‘आमचं आमच्याकडे आहे, पाणी घेणार का?’ एवढं हसून म्हणायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही, ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात आणि सहसा त्यांना भूक लागलेली असते. डेटिंगचं ते सोळापर्यंत थांबतात आणि मग घोळक्याने जातात, त्यामुळे तुमची निम्मी काळजी तेच घेतात. मात्र नाचाचं आमंत्रण एखाद्या वर्षी येणार नाही, तेव्हा त्याचं खापर लेकीच्या रंगावर किंवा त्यांच्या धर्मावर लगेच फोडू नका. कधी ते असतं, कधी नुसतं सोळावं वरीस असतं. आणि ‘मॉर्मन’ हा शब्द तिला जपून वापरायला सांगा. चर्चच्या अध्यक्षांनीच २०१८ मध्ये तो टाळायला सांगितलाय. ‘एलडीएस’ (लॅटर-डे सेंट्सचं लघुरूप) किंवा ‘मेंबर’ इथे चालून जातं.

आणि तुम्हीही बोलवा. युटात शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते आणि पाठोपाठ गणपती येतात, याहून चांगला मुहूर्त कुठला? साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात न्या, घरी मोदकाला बोलवा, पण रविवार सोडून. त्यातल्या एखादीने स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळी खेळलेली असेल आणि ती तुमच्या लेकीला रंग कसे उडवायचे ते शिकवेल. हसू दाबा.

ता. क. चहाचं मनाला लावून घेऊ नका. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे आणि यजमानिणीला नाही म्हणायची त्यांनाच जास्त लाज वाटते. पुढच्या वेळी न विचारता कोकम सरबत पुढे करा. माझी शेजारीण आता बाटली मागून नेते, आणि त्यात सोडा घालते.