दाखल्यावर 30 टक्के, पण धंदा तर बसलाच की!

प्रश्न : माझे दाजी कोल्हापुरात सुभाषनगरात चप्पल बनवतात, वय 38. चार महिन्यांपूर्वी निपाणीजवळ कर्नाटक पासिंगच्या ट्रकनं गाडीला उडवलं, गुन्हा ट्रक ड्रायव्हरवरच दाखल आहे. उजव्या हाताचा अंगठा आता वाकत नाही. दाखला 30 टक्के अपंगत्वाचा मिळालाय. विमावाले म्हणतात लोकअदालतीत तीन लाख घ्या आणि मिटवा. घ्यावेत का? आणि केस कर्नाटकात करावी लागेल का?

उत्तर : ताई, इतक्यात सही करू देऊ नका. लोकअदालतीत एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही.

दाखल्यातले 30 टक्के हे शरीराचे, कमाईचे नव्हेत. सुप्रीम कोर्टानं 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच सांगितलंय, डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते पण क्लार्कची नोकरी टिकू शकते. आता उजवा अंगठा चालत नसेल तर चामडं कापणार कसं, चपलेची वेणी घालणार कशी, हे न्यायाधीशांना कळायला हवं, म्हणून डॉक्टरांची साक्ष तर लावाच पण दाजी ज्या दुकानदाराला माल घालतात त्यालाही साक्षीला आणा.

आकडा बघा. महिना 15,000 कमाई धरली, चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असलेल्याला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात म्हणजे 21,000, वर्षाचे 2,52,000, या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्यानं गुणतात तो आकडा) 15, झाले 37,80,000. याचे 30 टक्के म्हणजे 11,34,000, आणि कोर्टानं कमाईचं नुकसान 60 टक्के मानलं तर 22,68,000! दवाखान्याचा खर्च, वेदना वगैरे वेगळंच. आता सांगा, तीन लाख कशाचे?

अडचण एकच, पगाराची स्लिप नाही. दुकानदाराची वही, फोनपेच्या नोंदी, बँकेचं पासबुक जे असेल ते जोडा, नाहीतर कोर्ट अंदाजानं कमाई धरतं आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो (कारागिराचा हात किती चालतो ते कागदावर कुठं दिसतं).

केस कोल्हापुरातच होईल. अर्जदार राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो, त्यामुळं कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जा. पण 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तुमचे चार गेलेत, तेव्हा दिवाळी होऊ दे, जत्रा होऊ दे असं करत बसू नका.

निकाल पटला नाही तर अपील 90 दिवसांत, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथंच कोल्हापुरात सुरू आहे.